दिवसाला एक विमान

विमानांचे फोटो काढायला कॅमेरा कुठला घ्यावा, याबद्दल सल्ले देणारी माणसं बहुतेक मोठ्या शहरांतली असतात. त्यांच्या डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान जातं. एक हुकलं तर चहाचा घोट घ्यायचा आणि पुढच्याची वाट बघायची. आम्ही कुडाळची माणसं. आमचा विमानतळ चिपीचा, परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. ९ ऑक्टोबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून तिथे मुख्यतः एटीआर ७२ येतं, दोन पंख्यांचं. कधी दिवसातून एकदा, कधी दोनदा. मध्येच वेळापत्रक बदलतं. पावसाळ्यात ढग खाली उतरले तर येतच नाही. एवढ्या तुटपुंज्या आभाळासाठी डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, निवडायचा होता, म्हणून मी यादी कॅमेऱ्यांपासून सुरू न करता आभाळापासून सुरू केली.

माझं कुडाळात औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे दुपारी बाजार बंद असतो, जेवून माणसं आडवी होतात. त्या दोन-तीन तासांत आणि रविवारी मला मोकळीक. म्हणजे उजेड सगळ्यात वाईट असतो तेव्हाच मला वेळ असतो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ह्या इमानाचे फोटो काढून काय मेळतला गो तुका?" मी म्हटलं, काय नाय. त्यांना ते पटलं असावं, कारण पुन्हा विचारलं नाही. उलट हल्ली घरघर ऐकू आली की त्याच मला हाक मारतात.

तर आमचं आभाळ. पहिलं चिपीचं एटीआर. दुसरं, बांद्याच्या पलीकडे गोव्यातलं मोपा. ते जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, तिथे एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ची बऱ्यापैकी वर्दळ असते. तिसरं, किनाऱ्याला धरून जाणारी तटरक्षक दलाची डॉर्निअर विमानं आणि हेलिकॉप्टरं. चौथं, पस्तीस हजार फुटांवरून जाणारी, पांढरी रेघ ओढत जाणारी मोठी विमानं. आणि पाचवं म्हणजे ४ डिसेंबर २०२३. त्या वर्षीचा नौदल दिन मालवणला झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि तारकर्लीच्या समोर मिग-२९के ही लढाऊ विमानं उडाली. तसं पुन्हा कधी होईल सांगता येत नाही, त्यामुळे त्या एका संध्याकाळीसाठी कॅमेरा घ्यायचा नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं. हे ठरवल्यामुळे खूप पैसे वाचले. ताशी ७०० किलोमीटरने जाणारं असं लढाऊ विमान सेकंदाला जवळजवळ १९५ मीटर कापतं. सेकंदाला दहा फोटो काढले तरी दोन फोटोंमध्ये ते एकोणीस-वीस मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. धावपट्टी सोडणारं एटीआर मात्र सेकंदाला साठेक मीटर जातं. त्याला पाच-सहा फोटोंचा वेगही पुरतो. नेमबाजी तिथे वेगाची नसून वेळेची असते.

आता डीएसएलआरच का, हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला. मुंबईचा भाचा तर चिडलाच, "मामी, आता सगळे मिररलेस घेतात." घेतात, बिनआरशाचेच घेतात, खरं आहे. कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आता मिररलेसकडे आहे. पण त्यामुळेच लोकांनी चांगले डीएसएलआर विकायला काढलेत, आणि माझ्यासारखीला ते परवडतात. दुसरं कारण व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीचं. आरशातून दिसणारं चित्र थेट असतं. भर दुपारी सड्यावर उभं राहून विमानाचा पाठलाग करताना मला ते बरं वाटतं, आणि डोळा लावून बसलं तरी बॅटरी खात नाही. कुडाळात पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो, तेव्हा एका चार्जिंगवर नऊशेच्या वर फोटो देणारी बॅटरी हा काही किरकोळ मुद्दा नाही.

तिसरं कारण पंख्याचं. मोबाईलने विमानाच्या खिडकीतून काढलेला पंख्याचा फोटो पाहिला असेल, पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात, कधी मुळापासून सुटून हवेत तरंगतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं. पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत पातं पुढे सरकलेलं असतं. डीएसएलआरचं यांत्रिक शटर काही मिलिसेकंदांत फ्रेम ओलांडतं, त्यामुळे वाकडेपणा फारसा जाणवत नाही. मिररलेसमध्येही बहुतेकांत यांत्रिक शटर असतं, तेव्हा हा मुद्दा भाच्याने खोडून काढला आणि मी मान्य केला. पैशांचा मुद्दा त्याला खोडता आला नाही.

मग लेन्सचा हिशेब. इथे मी बराच वेळ घालवला, आणि कोणी नव्याने सुरुवात करत असेल तर बॉडीच्या, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याच्या, आधी हाच करावा असं सांगेन. सूत्र शाळेतलं आहे: विमानाची लांबी भागिले अंतर, गुणिले लेन्सचे एमएम, म्हणजे तिची फोकल लांबी. उत्तर येतं ते सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, विमान किती मिलिमीटरचं पडेल ते. एटीआर ७२ ची लांबी २७.१७ मीटर. पाचशे मीटरवरून ३०० एमएमने ते सोळा मिलिमीटरचं पडतं. क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान मापाच्या सेन्सरची, रुंदी साडेतेवीस मिलिमीटर, म्हणजे दोन-तृतीयांश फ्रेम भरली. एक किलोमीटरवरून आठ मिलिमीटर, म्हणजे एक-तृतीयांश. चिपीला कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून आणि आजूबाजूच्या सड्यावरून विमान साधारण याच अंतरांत सापडतं. म्हणजे क्रॉप सेन्सर आणि ३०० एमएम एवढ्यात काम होतंय. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेतला तर तेच विमान फ्रेममध्ये दीडपटीने लहान दिसणार आणि मोठी लेन्स घ्यावी लागणार. फुल फ्रेम तिथेच बाद झाला.

पस्तीस हजार फुटांवरच्या विमानांचाही हिशेब करून पाहिला. अंतर १०.७ किलोमीटर, तेही अगदी डोक्यावरून गेलं तर. ए३२० साडेसदतीस मीटरचं. ३०० एमएमने सेन्सरवर एक मिलिमीटर पडतं. ५५६८ पिक्सेल रुंदीच्या सेन्सरवर अडीचशे पिक्सेल. ५०० एमएमने चारशे. कंपनी ओळखता येईल, शेपटीचा रंग कळेल, पण भिंतीवर लावण्याजोगा फोटो होणार नाही. त्या चारशे पिक्सेलसाठी दोन किलोची लेन्स घ्यायची का, हा प्रश्न पुढे बरेच दिवस डोक्यात राहिला.

बॉडी कोणकोणत्या? कॅननचा १५००डी माझ्या यादीत सगळ्यात स्वस्त. पण त्यात फोकसचे नऊ बिंदू, क्रॉस प्रकारचा फक्त मधला, आणि सेकंदाला तीन फोटो. २००डी मध्ये बिंदू तेच, वेग पाच. हा क्रॉसचा मामला आधी मला कळत नव्हता, आमच्या बाजारातल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्या दादांनी समजावला. साधा बिंदू एकाच दिशेच्या रेषा ओळखतो, क्रॉस बिंदू उभ्या-आडव्या दोन्ही. विमान म्हणजे लांबलचक पांढरी नळी, तिच्यावर पकडायला असतं काय? खिडक्यांची आडवी रांग, दाराची उभी चौकट, शेपटीकडची नोंदणीची अक्षरं. बिंदू नुसत्या पांढऱ्या पत्र्यावर पडला तर कॅमेरा पुढे-मागे चाचपडत बसतो, आणि आपलं दिवसाचं एकमेव विमान तेवढ्यात टेकून जातं. म्हणून क्रॉस बिंदू जास्त हवेत, आणि चार-पाच बिंदूंनी मिळून धरण्याची सोय हवी.

तेव्हा नऊ बिंदूंवाले गेले. उरले ते कॅनन ८०डी, ४५ बिंदू, सगळे क्रॉस, सेकंदाला सात फोटो. कॅनन ७डी मार्क टू, २०१४ चा, ६५ बिंदू, सगळे क्रॉस, सेकंदाला दहा, आणि बांधणी भक्कम. निकॉन डी७२००, २०१५ चा, ५१ बिंदू, त्यांतले १५ क्रॉस, वेग सहा. निकॉन डी७५००, २०१७ चा, बिंदू तेच पण वेग आठ. आणि सगळ्यांचा बाप निकॉन डी५००, २०१६ चा, १५३ बिंदू, त्यांतले ९९ क्रॉस, वेग दहा, आणि एका दमात रॉ, म्हणजे पूर्ण तपशिलाच्या कच्च्या, फायलींचे दोनशे फोटो.

डी५०० घ्या असं ज्याला त्याला वाटतं, आणि चूक नाही. वापरलेलासुद्धा महाग मिळतो, पण तेवढ्यावरून मी तो लगेच सोडला नाही. मोपाला रोज जाणारी असते तर घेतलाही असता. पण एका दमात दोनशे फोटो मला करायचेत काय? एटीआर शेवटच्या वळणातून सरळ आल्यापासून टेकेपर्यंत मी बटण दाबून धरत नाही, दोन-तीन फोटोंचे घोट घेते. डी७२०० मात्र उलट टोकाचा. पूर्ण दर्जाच्या रॉ फायली अठरा झाल्या की तो थकतो, म्हणजे तीन-साडेतीन सेकंद. टेकतानाचा चाकांचा धूर नेमका चौथ्या सेकंदाला आला तर? डी७५०० पन्नासपर्यंत जातो. तेवढं भरपूर.

कागदावरचं इथपर्यंत. पुढचं हातात घेतल्याशिवाय कळत नाही. स्टुडिओवाल्या दादांनी त्यांचा डी७२०० आणि ७०-३०० लेन्स एका रविवारी दिली, "ताई, पट्टा गळ्यात ठेवा, नुसता हातात नको" एवढ्या अटीवर. लग्नाच्या हंगामात रविवारी कॅमेरा मागणं म्हणजे काय ते ज्याला कळेल त्याला कळेल, पण तेव्हा पितृपक्ष होता. ८०डी माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा, ५५-२५० लेन्ससकट. ती लेन्स पावणेचारशे ग्रॅमची, स्वस्त आणि चांगली. नव्याने शिकणाऱ्याने तीच घ्यावी असं माझं प्रामाणिक मत आहे. मला ती अडीचशेला संपते एवढीच अडचण.

चिपीला जाण्याआधी सराव लागतो. घारी आहेत, पण त्या मनात येईल तिकडे वळतात. एसटी बरी. पिंगुळीच्या रस्त्याला उभं राहायचं आणि लाल गाडी येताना शटर १/६० सेकंदाला ठेवून कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा. गाडी स्पष्ट आणि मागची झाडं वाहून गेलेली, असा फोटो आला की समजायचं हात बसला. एका कंडक्टरने दारातून ओरडून विचारलंसुद्धा, "बाई, तक्रार करताव काय?"

एसटीवर का, तर पंख्याच्या विमानाची सगळी गंमत मंद शटरमध्ये आहे. जेटला १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवलं तरी काही बिघडत नाही. एटीआरला तसं केलं की पंख्याची सहाही पाती गोठतात आणि विमान दोऱ्याने टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं, इंजिन बंद पडून आता खाली येतंय की काय असं वाटतं. उड्डाणाच्या वेळी एटीआर ७२-६०० चा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. १/१००० सेकंदात पातं फक्त सात अंश सरकतं. १/२५० ला एकोणतीस अंश, बऱ्यापैकी फरकाटा. १/१२५ ला अठ्ठावन्न अंश. सहा पात्यांमधलं अंतर साठ अंश. म्हणजे १/१२५ ला एका पात्याची पुसट जवळजवळ पुढच्या पात्यापर्यंत पोचते आणि पूर्ण गोल चकती दिसते. हा आकडा जुळला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि मी पावतीच्या मागे अंश मांडत होते. हेलिकॉप्टरचं तर याहून कठीण. ध्रुव हेलिकॉप्टरचा वरचा पंखा मिनिटाला तीनशेच्या आसपास फिरतो, तिथे १/६० ला सुद्धा पातं तीसेक अंशच हलतं.

पण १/१२५ म्हणजे भर उन्हात उजेड फार. आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती हळवा ते, १०० ला ठेवूनही लेन्सचं छिद्र एफ/१४ पर्यंत बारीक करावं लागतं; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. तिथे सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण आभाळात ठिपका होऊन दिसतो, आणि चित्राची धारही थोडी बोथट होते. त्यावर उपाय पोलरायझर, लेन्सच्या तोंडावर बसवायची काच. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मग एफ/८ ला काम होतं, शिवाय आभाळ गडद होतं आणि पत्र्यावरची चमक कमी होते. आता बघा, ७०-३०० लेन्सचं तोंड ६७ मिलिमीटरचं, त्याचा पोलरायझर परवडतो. २००-५०० चं तोंड ९५ मिलिमीटरचं. तेवढ्या मापाचा चांगला पोलरायझर विचारला तेव्हा मी फोन ठेवून दिला.

तरीही ती २००-५०० मनातून जाईना. निकॉनची ही लेन्स २०१५ ची, पक्षी काढणाऱ्यांची लाडकी, आणि सिंधुदुर्गात पक्षी काढणारे पुष्कळ. त्यांतल्या ओळखीच्या एका सरांनी ती आणि स्वतःचा डी५०० घेऊन माझ्याबरोबर चिपीला यायचं कबूल केलं. लेन्स सव्वादोन किलोच्या वर, डी५०० धरून तीन किलोच्या पुढे. विमान यायची वेळ झाली की कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि ते उशिरा आलं की हात थरथरायला लागायचे. सर तिपाईवर ठेवत होते, पण तिपाईवरून डोक्यावर येणाऱ्या विमानाचा पाठलाग मला जमत नाही.

वजनाचं एक वेळ जमवलं असतं. निकाल लावला तो सड्याने. जांभ्याचा कातळ दुपारी इतका तापतो की धावपट्टीवरची हवा पाण्यासारखी हलते. ५०० एमएमने काढलेल्या फोटोंत खिडक्या वितळलेल्या, नोंदणीची अक्षरं नागमोडी. माझ्या हातात त्याच वेळी ७०-३०० होती. दोन्ही फोटो घरी संगणकावर शेजारी ठेवले, माझा कापून मोठा केला, आणि तपशील दोन्हींत सारखाच. म्हणजे दोन्हींत सारखाच कमी. हवा हलत असेल तर मोठी लेन्स हलणारी हवाच मोठी करून दाखवते. सरांनी आपणहून सांगितलं की ते या लेन्सने सकाळी नऊनंतर काही काढतच नाहीत. माझं दुकान सकाळी नऊला उघडतं. ३०० एमएमवर शिक्कामोर्तब झालं.

डी७५०० की ७डी मार्क टू, एवढंच शेवटी उरलं. ७डी मार्क टू खरं सांगायचं तर हातात जास्त आवडला होता. बटणं जागच्या जागी, बांधणी अशी की पावसाची सर आली तरी घाबरायला नको. पण विमान आपल्या वर असतं आणि ऊन त्याच्याही वर, म्हणजे फोटोत विमानाचं पोट कायम सावलीत. ती सावली नंतर उजळायला गेलं की ७डी मार्क टू मध्ये दाणे उठतात; निकॉनच्या या सेन्सरमध्ये सावली बरीच स्वच्छ उघडते. आणि उघडल्यावर जे दिसतं ते सुंदर असतं: विमान खाली आलेलं असलं की कातळाचा तांबूस उजेड पांढऱ्या पोटावर पडलेला असतो, पावसानंतर गवत वाढलं की तोच हिरवट. हा रंग मला हवा होता. त्याच्यासाठी सेकंदाचे दोन फोटो सोडायला माझी हरकत नव्हती.

लेन्स ठरली एएफ-पी ७०-३००, तीसुद्धा फुल फ्रेमसाठीची, एफ/४.५-५.६ वाली. याच नावाची क्रॉप सेन्सरसाठीची स्वस्त आवृत्ती आहे, ती ३०० ला एफ/६.३ होते आणि तिच्यात धूळ-ओलाव्यापासून बचाव नाही. मोठ्या आवृत्तीत तो आहे. शिवाय हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेला तिथे 'स्पोर्ट' असा वेगळा खटका आहे, कॅमेरा फिरवताना चित्र उड्या मारत नाही. वजन ६८० ग्रॅम. डी७५०० बॅटरीसकट ७२०. दोन्ही मिळून चौदाशे ग्रॅम. विमान अर्धा तास उशिरा आलं तरी चालेल.

खरेदी मुंबईला. कुडाळहून रात्रीची कोकणकन्या, पहाटे सीएसएमटी, तिथून बोरा बाजार चालत. दुकानं उघडेपर्यंत भाचा आला. एका दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "लहान मुलांचे फोटो काढायचे का?" विमानं म्हटल्यावर त्याने सरळ फुल फ्रेम काढून काउंटरवर ठेवला. मी मिलिमीटरचा हिशेब सांगायला लागले तसा तो मुकाट्याने डी७५०० शोधायला आत गेला.

वापरलेला कॅमेरा तपासायची माझी पद्धत औषधाच्या दुकानातली आहे, आधी वेष्टन बघायचं. फ्लॅशच्या खाचेतले आणि खालच्या पत्र्याचे स्क्रू गंजलेत का? गंजलेले असतील तर कॅमेरा किनाऱ्यावर राहिलेला आहे, आणि बाहेर गंज तर आत काय असेल. मुठीचं रबर फुगलंय का, बाजूची झाकणं सैल झालीत का. मग लेन्स. दोन्ही टोकांची झाकणं काढून मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारायचा आणि दुसऱ्या बाजूने बघायचं. धुळीचे कण असतातच, त्यांची चिंता नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की ती बुरशी. पहिल्या दुकानातल्या लेन्समध्ये ती होती. दुकानदार म्हणाला, पुसून देतो. काचेवर बुरशीने कोरलेलं पुसून जात नाही, मी उठले.

दुसरीकडे स्वच्छ मिळाली. बॉडीवर एफ/१६ ला बाहेरच्या मोकळ्या आभाळाचा फोटो काढून ठिपके पाहिले, आठच्या वेगाने लांब बर्स्ट मारून आवाज ऐकला, आणि भाच्याने लॅपटॉपवर शेवटच्या फोटोच्या माहितीतून शटर किती वेळा पडलंय ते काढलं. निकॉनच्या फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो. कॅननच्या बहुतेक फायलींत तो नसतो, तिथे वेगळी खटपट करावी लागते. डी७५०० चं शटर दीड लाखांसाठी तपासलेलं असतं. माझ्या कॅमेऱ्याचा आकडा त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत होता. एवढं पुरे झालं. किमतीची घासाघीस भाच्याने केली, मी वडापाव खाल्ला.

घरी आल्यावर खरा शत्रू वेगळाच, आमची हवा. जूनपासून कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी येते, तिथे लेन्स काय. आर्द्रतामापक मी आधीच घेतला होता. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा, त्यात सिलिका जेल, आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये. गोळ्यांच्या डब्यांतून निघणाऱ्या त्या छोट्या पुड्या माझ्याकडे ढिगाने साठतात, पण त्या बहुतेक आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. सुटे निळे खडे घ्यावेत. ओल भरली की गुलाबी होतात, तापवले की पुन्हा निळे. तो निळा रंग कोबाल्टचा आहे, तेव्हा स्वयंपाकाचा तवा वापरायचा नाही. मी एक जुना पत्र्याचा ताट वेगळा ठेवलाय, त्याला घरात कोणी हात लावत नाही. दुसरं, थंडगार एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढायचा नाही, काच धुरकटते. चिपीला पोचायच्या आधीच आम्ही काचा खाली करतो. नवरा कुरकुरतो.

उभं कुठे राहायचं, हे कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची, पूर्व-पश्चिम. दिवाळीनंतर ऊन दक्षिणेकडून येतं, तेव्हा दक्षिणेला उभं राहिलं की विमानाची आपल्याकडची बाजू उजळलेली मिळते. मे महिन्यात आणि जूनमध्ये दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला सरकतो, पण तेव्हा हवा एवढी कोंदट असते की मी जातच नाही. कुंपणाच्या आत जायचा प्रश्नच नाही; विमान नियम १९३७ मध्ये सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्रणाला मनाई आहे, आणि लष्करी जागांचं तर विचारूच नका. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा तळ आहे, दाबोळीला नौदलाचा; त्या बाजूला मी कॅमेरा पिशवीतूनच काढत नाही. चिपीलाही पहिल्यांदा गेले तेव्हा आधी पोलीसपाटलांना भेटले. बाईमाणूस मोठी लेन्स लावून रस्त्याकडेला उभी दिसली की गावात चर्चा होणारच, ती आपणच सुरू केलेली बरी.

उजेडाचं मोजमाप मी कॅमेऱ्यावर सोडत नाही. मागे आभाळ असताना तो विमान काळं करतो, मागे डोंगर आला की पांढरं फटक. विमान यायच्या आधी उन्हातल्या गवतावर मोजून सगळं हाताने कायम करून टाकते. चांगल्या उन्हात आयएसओ २००, एफ/८, १/८०० हे जेटसाठी मोपाला चालतं. एटीआरला आयएसओ १००, पोलरायझर, एफ/८, १/१२५. त्यात बहुतेक फोटो हललेले निघतात, हे धरूनच चालायचं. आधी दूरवर १/५०० ने दोन-चार भरवशाचे काढून घेते, मग जवळ आल्यावर चाक फिरवून १/१२५. डी७५०० मध्ये कार्डाची खाच एकच आहे, ही त्याची उणीव. म्हणून प्रत्येक विमानानंतर कार्ड बदलते, घरी जाईपर्यंत दोघांपैकी एक तरी सुखरूप.

सरांनी परवा निरोप पाठवला की ते मिररलेसला जातायत, २००-५०० विकायचीय, मला आधी विचारतायत. किंमत बरी आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सकाळी सातला मोपाच्या बाजूला जाऊन ती दोन तास वापरून बघेन असं कळवलंय, दुकान त्या दिवशी नवरा उघडेल. आणि लेन्स आणायला जाताना टॉर्च घेऊन जाईन, सरांचं घर खाडीला लागून आहे.